शर्करा ते शुगर : एका शब्दाचा माग

इंग्रजीतला ‘शुगर’ हा शब्द संस्कृत ‘शर्करा’पासून आला, एवढं बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असतं. शाळेत कुणी शिक्षकांनी सांगितलेलं असतं, नाहीतर दिवाळी अंकातल्या एखाद्या चौकटीत वाचलेलं असतं. माहिती खरी आहे. पण ती सांगितली जाते तेव्हा दोन टोकं तेवढी उरतात; मधली हजार-दीड हजार वर्षं आणि पाच-सहा भाषा गळून पडतात. मग ‘शर्करा’ आणि ‘शुगर’ दोन्ही ‘श’नं सुरू होतात, म्हणून एक दुसऱ्यापासून आला, असं ऐकणाऱ्याला वाटू लागतं. हे कारण मात्र साफ चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे कळण्यासाठीच गळलेला मधला रस्ता पायाखाली घालावा लागतो. पुढची प्रकरणं त्या रस्त्याची आहेत. कोणत्या बंदरात कोणाच्या तोंडून कोणी हा शब्द ऐकला, ऐकताना त्याचा कोणता भाग सुटला, कोणता चिकटला, हे त्यांत पाहायचं आहे.

मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातच या शब्दाची पाच रूपं वावरतात. चहात साखर पडते. दिवाळीत शंकरपाळी होतात. डॉक्टर रिपोर्ट पाहून ‘शुगर वाढली आहे’ म्हणतात. आरोग्यावरचा लेख लिहिणारा ‘रक्तशर्करा’ लिहितो. गोड वर्ज्य केलेल्या माणसासाठी सॅकरिनच्या गोळ्या असतात. पाचही शब्दांचं मूळ एक आहे आणि पाचही वेगवेगळ्या वाटांनी मराठीत आले आहेत. साखर प्राकृतातून घरच्या घरी आली. ‘शंकरपाळी’ फारसीतून आली : ‘शकर’ म्हणजे साखर आणि ‘पारा’ म्हणजे तुकडा, असा मूळचा ‘शकरपारा’ आपल्या तोंडात शंकराच्या नावाला जाऊन मिळाला. शुगर इंग्रजांबरोबर आली आणि आता मराठीत तिचा अर्थच निराळा झाला आहे. ‘त्यांना शुगर आहे’ या वाक्यात गोडीचा मागमूसही नाही, त्यात पथ्य आहे आणि काळजी आहे.

व्युत्पत्ती शोधणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो वारसा की उसनवारी हा. 2 फेब्रुवारी 1786 रोजी विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढे जे व्याख्यान दिलं, त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात असं मत मांडलं. तेव्हापासून संस्कृत आणि इंग्रजी शब्दांच्या जोड्या लावायचा छंद बळावला. मातृ आणि मदर, भ्रातृ आणि ब्रदर या जोड्या वारशाच्या आहेत. त्यांत कोणी कोणाकडून काही घेतलेलं नाही. दोघांनी एकाच पूर्वजाकडून घेतलं. ‘शुगर’ तसा नाही, आणि हे तपासायला सोपी कसोटी आहे. संस्कृतात जिथं वारशानं आलेला ‘श’ असतो, तिथं इंग्रजीत ‘ह’ आढळतो. शत आणि हंड्रेड, श्वन् आणि हाउंड, शृंग आणि हॉर्न. याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये जर्मानिक भाषांतल्या व्यंजनबदलांची जी व्यवस्था मांडली, तिच्यात हे चपखल बसतं. म्हणजे ‘शर्करा’चा खरा इंग्रजी भाऊबंद असता तर तो ‘ह’नं सुरू झाला असता. ‘शुगर’ ‘श’नं सुरू होतो, यावरूनच तो घरचा नाही, बाहेरून आणलेला आहे हे उघड होतं. साम्य जितकं जास्त, तितका संशय जास्त घ्यावा, हा या विद्येतला धडा मला फार मोलाचा वाटतो. संस्कृतचा अभिमान असणाऱ्यांनी तर तो आधी शिकावा, कारण भलत्या साम्यावर उभी केलेली व्युत्पत्ती पहिल्याच कसोटीला कोसळते आणि खऱ्या व्युत्पत्तीवरचाही लोकांचा विश्वास उडवते.

मुळात ‘शर्करा’ या शब्दात गोडवा नव्हता. शर्करा म्हणजे खडे, कंकर, बारीक खडी. पाणिनी हा शब्द वाळूच्या जोडीनं घेतो. खड्यांनी भरलेल्या प्रदेशाला ‘शर्करिल’ म्हणतात हे त्याच्या व्याकरणातून कळतं. सुश्रुतानं मुतखड्याची चर्चा करताना लघवीवाटे पडणाऱ्या कणांना शर्करा म्हटलं आहे. मग उसाच्या रसापासून केलेल्या पदार्थाला हे नाव कसं पडलं, हे गुऱ्हाळावर उभं राहिलं की समजतं. काहिलीत रस उकळू लागतो, वर आलेली मळी काढली जाते, रस आटत आटत काकवीच्या पाकाला येतो, आणखी आटला की गुळव्या ती काहील उतरवतो आणि वाफ्यात ओततो. हाच घट्ट पाक गार होताना बरेच दिवस शांत ठेवला तर त्यात कण धरतात. भोवतीची काकवी निथळून गेली की मागे राहतात ते कोरडे, टणक, बोटांत खरखरणारे दाणे. त्यांना खडे म्हणण्यावाचून दुसरं काय म्हणणार?

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कोठारातल्या वस्तूंची जी वर्गवारी आहे तिच्यात या पदार्थांची ओळच लागली आहे : फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा. फाणित म्हणजे आपली काकवी. मत्स्यण्डिका हे नाव माशाच्या अंड्यांसारख्या बारीक कणांवरून पडलेलं दिसतं. ‘खण्ड’ फारसीत ‘कंद’ झाला, अरबीत गेला, आणि त्या वाटेनं इंग्रजीत ‘कँडी’ होऊन बसला. त्या एका यादीतले दोन शब्द पुढे जगभर फिरले. यादी करणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र कोठारात काय आहे आणि किती आहे एवढ्याचंच पडलेलं होतं.

आता मी ज्या टप्प्यावर सर्वांत जास्त रेंगाळलो त्याकडे येतो. ‘शर्करा’चं प्राकृत रूप पालीत ‘सक्खरा’ असं सापडतं, आणि खडे व साखर हे दोन्ही अर्थ त्याला आहेत. प्राकृतातलं जोडव्यंजन मराठीत येताना सुटं होतं आणि मागचा स्वर लांबतो. सप्तचा सत्त आणि मग सात, कर्मचा कम्म आणि मग काम, अष्टचा अट्ठ आणि मग आठ. त्याच नियमानं सक्खरची साखर झाली. यातला ‘ख’ लक्षात ठेवायचा. संस्कृत ‘शर्करा’त तो नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं हिंदी महासागरातल्या बंदरांची आणि मालाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावानं ती प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाला ती जवळची वाटावी असं तिच्यात पुष्कळ आहे : सोपारा आहे, कल्याण आहे, पैठण आहे, तेर आहे. या पुस्तिकेत, भडोच आणि आसपासच्या मुलखातून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालात तांदूळ, तूप, तिळाचं तेल आणि सुती कापड यांच्या पंक्तीला बोरूपासून मिळणारा एक मध आहे, आणि त्याला ‘साक्खारी’ म्हणतात असं लेखक नोंदवतो. लिहिताना त्यानं आधी ‘काप्पा’ म्हणजे साधा ‘क’ घातला आहे आणि त्याला लागून ‘खी’ हे अक्षर. त्या काळच्या ग्रीकात ‘खी’चा उच्चार महाप्राण ‘ख’ असाच होता. क आणि त्याला जोडून ख : प्राकृत ‘सक्खरा’तलं जोडाक्षर ग्रीक लिपीत अक्षराला अक्षर उतरलं आहे.

या दोन अक्षरांवरून पुष्कळ काही सिद्ध होतं. ग्रीकांनी हा शब्द संस्कृत पोथीतून उचलला असता तर त्यात ‘र्क’ दिसला असता. तो त्यांनी बाजारात ऐकला. वखारीत माल मोजणाऱ्याच्या, गलबतावर पोती चढवणाऱ्याच्या, दलालाच्या तोंडून ऐकला. या मंडळींची नावं कुठल्या शिलालेखात नाहीत, पण त्यांचा उच्चार ग्रीक लिपीत टिकला. आणि तोच उच्चार आपण सकाळी चहा करताना करतो.

ग्रीकांना ही वस्तू ऐकून बरीच आधी माहीत होती. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस यानं मधमाश्यांवाचून मध देणाऱ्या बोरूंची हकीकत सांगितली होती. पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस साखरेला एक प्रकारचा गोठलेला मधच समजतो आणि ती दातांखाली मिठासारखी फुटते असं सांगतो. त्याचा रोमन समकालीन प्लिनी सांगतो की तिचा उपयोग फक्त औषधात होतो. मध, मीठ, औषध : जवळचं नाव नसलं की माणूस ओळखीच्या वस्तूंच्या आधारानं चाचपडतो. लिनियसनं 1753 मध्ये उसाला ‘सॅकॅरम ऑफिसिनॅरम’ हे शास्त्रीय नाव दिलं. त्यातला दुसरा शब्द औषधं तयार करणाऱ्यांच्या दुकानाचा आहे. पहिल्या शब्दात तो प्राकृत ‘ख’ लॅटिन वेष घालून बसला आहे. पुढे 1879 मध्ये बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेम्सन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टँटिन फालबर्ग यांना डांबरातून काढलेल्या द्रव्यांवर काम करताना एक अतिगोड पदार्थ सापडला. त्याला नाव दिलं सॅकरिन. त्यात साखरेचा कणही नाही. पण शब्दापुरतं पाहिलं तर ‘साखर’ आणि ‘सॅकरिन’ ही सख्खी भावंडं आहेत, आणि ‘शुगर’ त्यांची लांबची चुलत बहीण.

ही चुलत शाखा इराणातून गेली. फारसीत शब्द झाला ‘शकर’. सासानी राजवटीच्या अखेरीस इराणात साखर इतकी होती की 628 च्या आरंभी बायझंटाइन सम्राट हेराक्लियसच्या फौजेनं दस्तगिर्दचा राजवाडा लुटला, तेव्हा मिरे, आलं यांच्याबरोबर साखरही हाती लागल्याचं थिओफानिस हा इतिहासकार नोंदवतो. थोड्याच वर्षांत अरबांनी इराण जिंकला आणि ‘शकर’ची अरबीत ‘सुक्कर’ झाली. अरबीत ‘श’ आहे, तरी तो इथं ‘स’ झाला. हे एकट्या या शब्दात घडलेलं नाही. नीशापूर शहराला अरब नैसाबूर म्हणतात, आणि कस्तुरीच्या फारसी ‘मुश्क’ला अरबीत ‘मिस्क’ म्हणतात. एक उदाहरण असतं तेव्हा तो योगायोग असू शकतो. तीन उदाहरणं रांगेत लागली की वाट सापडल्याचा भरवसा येतो. संस्कृत ‘शर्करा’चा ‘श’ या ठिकाणी, अरबांच्या तोंडी, संपला. तो इथं संपला हे पुढच्यासाठी ध्यानात असू द्यावं.

अरबांबरोबर ऊस इजिप्तला, सिसिलीला, स्पेनला गेला. युरोपात शब्द दोन दारांनी शिरला, आणि कोण कुठल्या दारानं आला हे शब्दाच्या पहिल्या अक्षरावर लिहिलेलं आहे. अरबीत नामाआधी ‘अल’ लागतो आणि ‘स’पुढे तो ‘अस्’ असा ऐकू येतो : अस्सुक्कर. स्पेन आणि पोर्तुगालमधल्या लोकांनी अरबांच्या शेजारी राहून हे रोज ऐकलं, म्हणून त्यांच्या शब्दांत तो ‘अ’ कायमचा राहिला : स्पॅनिश ‘अथूकार’, पोर्तुगीज ‘असूकार’. इटलीचे व्यापारी अरबांशी माल घेण्यादेण्यापुरते बोलत, त्यांच्या ‘त्सुक्केरो’त ‘अ’ नाही. कापसाच्या बाबतीतही हेच झालं. अरबी ‘कुत्न’चं स्पॅनिशात ‘अल्गोदोन’ आणि इटालियनमध्ये ‘कोतोने’. इंग्रजांचा ‘कॉटन’ ‘अल’वाचूनचा. ‘शुगर’लाही पुढे ‘अ’ नाही. म्हणजे इंग्रजांना हा शब्द इटली आणि फ्रान्सकडून मिळाला, स्पेनकडून नाही.

जुन्या फ्रेंचमधल्या ‘सुक्र’वरून तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो इंग्रजीत रुजला. 1226 मध्ये तिसऱ्या हेन्री राजानं विंचेस्टरच्या मेयरकडे तिथल्या जत्रेतून अलेक्झांड्रियाची साखर तीन पौंड मागवली होती, तीही एकदम एवढी मिळाली तर, अशी पुस्ती जोडून. त्याच शतकात, 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्यात साखर गोडीची उपमा म्हणून सहज येते, कारण ती श्रोत्यांच्या ओळखीची होती. ज्या शब्दाला इंग्लंडात राजाचीही खात्रीची ओळख नव्हती, तो इथं साध्या श्रोत्यांना समजावून सांगावा लागत नव्हता.

इंग्रजीत आल्यावर ‘क’चा ‘ग’ झाला, जसा फ्रेंच ‘फ्लाकों’चा ‘फ्लॅगन’ झाला. त्याहून महत्त्वाचा बदल पहिल्या अक्षराचा आहे. इंग्रजीत हा शब्द ‘स’नं लिहितात आणि ‘श’नं बोलतात. ‘स’पुढच्या फ्रेंच वळणाच्या स्वरामुळे उच्चार ‘स्यूगर’ असा होई. ‘स’ आणि ‘य’ एकमेकांत मिसळले की जीभ टाळूकडे सरकते आणि ‘श’ ऐकू येतो. सतराव्या शतकाच्या सुमारास ‘शुअर’ या शब्दात हेच घडलं. मराठीला हे परकं नाही. संस्कृत ‘सीव्यति’पासून आपलं शिवणं आलं, ‘सीमा’पासून शीव आली, मुंबईतलं शीवही त्याच सीमेचं. पुढे ‘इ’ आला की आपला ‘स’ टाळूकडे सरकून ‘श’ होतो. इंग्रजांच्या तोंडातही तेच झालं, वेगळ्या काळी आणि स्वतंत्रपणे. तेव्हा ‘शुगर’मधला ‘श’ हा ‘शर्करा’तला ‘श’ नव्हे. तो अरबीत हरवला, हजार वर्षं कुठंच नव्हता, आणि नंतर लंडनकडच्या बोलीत निराळ्याच कारणानं दुसरा ‘श’ उगवला. आरंभी म्हटलेली चूक ती ही. दोन टोकंच पाहणाऱ्याला जो सर्वांत भक्कम पुरावा वाटतो, तो पुरावाच नाही.

इंग्रजीत याच मुळाचा आणखी एक शब्द समुद्रमार्गे आला. मलबारात गुळाला आजही शर्क्कर म्हणतात. 1498 नंतर तिथं उतरलेल्या पोर्तुगीजांनी त्याचं ‘जागरा’ केलं, आणि त्यांच्याकडून इंग्रजांनी ‘जॅगरी’ घेतलं. पोर्तुगीजांच्या घरी त्याच शब्दाचं ‘असूकार’ हे रूप पूर्वीपासून नांदत होतं. दोन्ही एकच आहेत हे ओळखण्याचं त्यांना काही कारणही नव्हतं. माल वेगळा, रंग वेगळा, ऐकू आलेला आवाज वेगळा. 1886 मध्ये यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश निघाला. त्यात असे अँग्लो-इंडियन शब्द आणि त्यांचा जुना वापर एकत्र केलेला आहे. या पुस्तकाच्या कामात तो कोश माझ्या हाताशी सतत होता.

वस्तूबरोबर शब्द जातोच असंही नाही. चीनच्या तांग घराण्यातल्या ताइत्सुंग सम्राटानं 647 मध्ये साखर करण्याची रीत शिकण्यासाठी मगधाला माणसं पाठवली. विद्या तिकडे गेली, शब्द गेला नाही. चिनी भाषेत त्यांचा स्वतःचा शब्द राहिला. उलट हिंदीत साखरेला ‘चीनी’ म्हणू लागले. मराठीनं मात्र प्राकृतातला शब्द सोडला नाही.

युरोपात साखर राजवाड्यातून कामगाराच्या चहाच्या कपापर्यंत कशी उतरली, हा इतिहास सिडनी मिंट्झ यांनी ‘स्वीटनेस अँड पॉवर’ या 1985 च्या ग्रंथात लिहिला आहे, आणि तो वाचल्यावर या शब्दाकडे निव्वळ कुतूहलानं पाहता येत नाही. कोलंबसानं 1493 च्या दुसऱ्या सफरीत ऊस अटलांटिकपार नेला. त्यानंतरच्या साडेतीन शतकांत आफ्रिकेतून पकडून नेलेली माणसं उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबून मेली. शब्दांच्या प्रवासावर लिहिताना ‘प्रवास’ हा शब्द फार हलका वाटू लागतो. भडोचहून साक्खारी ज्या किनाऱ्याकडे जात होती, तो आफ्रिकेचाच किनारा होता. पण त्या व्यापारात आणि या व्यापारात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि एका शब्दाच्या धाग्यात दोन्ही ओवताना ते अंतर पुसलं जाऊ नये याची काळजी मी घेतली आहे.

ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी 1834 मध्ये संपू लागली, आणि मळ्यांना हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर जाऊ लागले. मॉरिशसच्या आप्रवासी घाटावर 1834 ते 1920 या काळात जवळपास पाच लाख माणसं उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी बोलणारेही होते, आणि त्यांचे वंशज आजही तिथं स्वतःला मराठी म्हणवतात. बेटावरची बोलभाषा क्रेओल आहे, ती मुख्यतः फ्रेंचमधून घडलेली. फ्रेंचमध्ये ‘थोडी साखर’ म्हणायचं तर शब्दाआधी ‘द्यू’ लागतो : ‘द्यू स्यूक्र्’. मळ्यावर हे अखंड ऐकणाऱ्यांनी तो ‘द्यू’ शब्दाचाच भाग मानला, आणि क्रेओलमध्ये साखरेला ‘दिसिक’ म्हणतात. स्पेनमध्ये अरबी ‘अस्’ शब्दाला चिकटला, तसा इथं फ्रेंच ‘द्यू’ चिकटला. कोकणातून आणि देशावरून जी माणसं ‘साखर’ हा शब्द तोंडात घेऊन गलबतात बसली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या तोंडी आज ‘दिसिक’ आहे. तोही ‘शर्करा’च. भडोचच्या बाजारातून निघालेल्या शाखेशी त्याचा संबंध नाही. तो इराण, इजिप्त, इटली आणि फ्रान्स करून, उसाच्या मळ्यातून त्यांच्यापर्यंत पोचला.